फोकस डळमळतो तेव्हा फाइन-ट्यून कशाला?

वाइड-अँगल लेन्सचा ऑटोफोकस एका फोटोत नेमका बसतो आणि पुढच्याच फोटोत, त्याच जागी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा सॉफ्ट येतो, मागची भिंत मात्र शार्प. ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावरचे उत्तरही ठरलेले आहे : लेन्स बॅक फोकस करते, मेनूत जाऊन फाइन-ट्यूनमध्ये पाच-सात आकडे सरकव, नाही जमले तर आणखी दोन. तेवढ्याने भागले नाही तर ‘तुझी कॉपीच खराब निघाली, विकून टाक’ हे पुढचे उत्तर. दोन्ही उत्तरे इतक्या ठामपणे दिली जातात की विचारणाऱ्याला आपण मुळात काय विचारले होते याचाच विसर पडतो. त्याने विचारलेले असते की फोकस कधी लागतो, कधी लागत नाही, असे का होते? त्याला सांगितले जाते ते फोकस नेहमी एकाच बाजूला चुकत असेल तर काय करायचे हे. हे दोन वेगळे आजार आहेत. ते वेगळे न ओळखल्यामुळे चांगल्या लेन्सवर नको ते आकडे चढवले जातात, सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या होतात आणि खरे कारण जिथल्या तिथे राहते. अस्थिर फोकसवर फाइन-ट्यून हा उपाय नाही, हे माझे म्हणणे. वाइड लेन्सच्या बाबतीत तर तो अपायच करतो, कारण तिथे चूक किती झाली हे आपण ज्या मापाने मोजतो ते मापच फसवे आहे.

आधी फाइन-ट्यून कशासाठी आले ते पाहू. १९८५ साली मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्याने फेज डिटेक्शन ऑटोफोकस बॉडीतच बसवला आणि एसएलआरची पुढची सगळी वाटचाल त्या वाटेने झाली. या रचनेत फोटो टिपण्याची जागा आणि फोकस मोजण्याची जागा एक नसते. मुख्य आरसा थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो, त्याच्यामागचा छोटा आरसा तो प्रकाश खाली वळवतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेला ऑटोफोकसचा सेन्सर तिथे मोजमाप करतो. लेन्सपासून तळापर्यंतची वाट आणि लेन्सपासून फोटोच्या सेन्सरपर्यंतची वाट अगदी सारख्या लांबीच्या असल्या पाहिजेत. त्यांत मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक पडला तरी कॅमेरा ‘फोकस लागला’ असे प्रामाणिकपणे सांगतो आणि फोटो मात्र चुकतो. ही चूक दर वेळी एकाच दिशेने, एकाच मापाने होते. २००७ साली कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ मध्ये आणि त्याच वर्षी निकॉनच्या डी३ व डी३०० मध्ये जी सोय आली ती या स्थिर चुकीसाठी. कायम पाच मिनिटे मागे असणाऱ्या घड्याळाचे काटे पाच मिनिटे पुढे करता येतात. कधी तीन मिनिटे पुढे आणि कधी चार मिनिटे मागे असणाऱ्या घड्याळाचे काटे कितीही फिरवले तरी वेळ कळत नाही. फाइन-ट्यून हे काटे फिरवणे आहे. विखुरलेल्या निकालांचा मध्य ते हलवू शकते, विखुरणे तसूभरही कमी करू शकत नाही.

आता त्या फसव्या मापाकडे येतो, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. फोकस ‘किती चुकला’ हे आपण समोरच्या जगात मोजतो : डोळ्याऐवजी कानावर गेला, माणसाऐवजी भिंतीवर गेला. कॅमेरा मात्र ही मोजणी सेन्सरच्या बाजूला करतो. कॅननच्या तांत्रिक साहित्यातही ऑटोफोकसची अपेक्षित अचूकता सेन्सरजवळच्या डेप्थ ऑफ फोकसमध्ये सांगितलेली असते : साध्या फोकस-बिंदूसाठी त्या खोलीच्या आत, एफ/२.८ च्या अचूक बिंदूसाठी तिच्या एक तृतीयांशात. ही खोली ॲपर्चरवर अवलंबून असते, लेन्स वाइड आहे की टेली यावर नाही. समजा, सेन्सरच्या बाजूला ०.०३ मिलिमीटरची चूक झाली. ८५ मिलिमीटरची लेन्स, माणूस ३ मीटरवर. साध्या भिंगाच्या सूत्राने हिशेब केला तर शार्प पातळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास मागे जाते, म्हणजे डोळ्याऐवजी कानाकडे. आता तोच माणूस, तेच अंतर, तीच ०.०३ ची चूक, पण लेन्स २४ मिलिमीटरची. शार्प पातळी सुमारे ५५ सेंटिमीटर मागे जाते. भिंतीवर! दोन्ही लेन्स एफ/१.४ वर असतील तर सेन्सरवर पडणारा धूसर ठिपका दोन्हीकडे अगदी सारखा, सुमारे ०.०२१ मिलिमीटरचा. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर तो साडेतीन पिक्सेल व्यापतो. म्हणजे ऑटोफोकसने दोन्हीकडे सारखेच काम केले, चूकही सारखीच केली. एकीला आपण ‘जरा हुकला’ म्हणतो आणि दुसरीला ‘लेन्स खराब’ म्हणतो.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सेन्सरच्या बाजूला चूक कधी ०.०३ पुढे आणि कधी ०.०३ मागे, अशी दोन्हीकडे सारखी विखुरलेली असली तरी समोरच्या जगात ती सारखी दिसत नाही. २४ मिलिमीटरच्या लेन्ससमोर माणूस ८ मीटरवर असेल तर एका बाजूची चूक फोकसला साधारण ५.७ मीटरवर आणते, दुसऱ्या बाजूची १३.७ मीटरवर नेते. पुढे सव्वादोन मीटर, मागे पावणेसहा. फोटो पाहणारा मनात नोंद करतो की ही लेन्स ‘मागेच जाते’. आणि माणूस २० मीटरवर असेल तर? त्या अंतरासाठी अनंताच्या जागेपासून लेन्सला जेमतेम ०.०२९ मिलिमीटर सरकायचे असते; तेवढीच चूक झाली की फोकस अनंताच्याही पलीकडे जातो आणि चौकटीत कुठेच काही शार्प उरत नाही. अशा फोटोकडे पाहून ‘लेन्सच सॉफ्ट आहे’ हा निकाल दिला जातो. आजच्या वाइड लेन्सची अंतर्गत रचना गुंतागुंतीची असते, आतले काच-गट वेगवेगळे हलतात, त्यामुळे प्रत्यक्ष सरकणे या आकड्यांइतकेच असेल असे नाही. पण प्रतिमेची जागा आणि वस्तूचे अंतर यांचे नाते हेच राहते. वाइड लेन्स समोरच्या जगाचे कित्येक मीटर सेन्सरजवळच्या केसाएवढ्या जागेत कोंबते. त्या जागेत मोजमाप थोडे हलले की बाहेर मोठी उलथापालथ दिसणारच.

हे लक्षात घेतले की नेहमीच्या सल्ल्याने होणारे नुकसान दिसू लागते. सल्ला देणारा सांगतो की पट्टी तिरकी ठेव, एक मीटरवरून फोटो काढ, शून्याच्या मागे किती शार्प आले ते बघ. एका फोटोत शार्प पातळी पाच सेंटिमीटर मागे दिसते, म्हणून आकडा बदलला जातो. २४ मिलिमीटरच्या लेन्ससाठी एक मीटरवरचे ते पाच सेंटिमीटर म्हणजे सेन्सरजवळचे तेच ०.०३ मिलिमीटर. ही चूक खरोखर स्थिर असेल तर दुरुस्ती योग्य. पण ती त्या एका फोटोपुरती, विखुरण्यातली असेल, तर आता प्रत्येक फोटोवर ०.०३ ची कायमची चूक लादली गेली, आणि ८ मीटरवरच्या माणसासाठी तिचा अर्थ काही मीटरांचा आहे. पुढच्या चाचणीत वेगळाच आकडा येतो, मग तो टाकला जातो. निकॉनने २०१६ मध्ये डी५ आणि डी५०० या कॅमेऱ्यांना लाइव्ह व्ह्यूच्या फोकसवरून आपोआप आकडा काढण्याची सोय दिली. सोय चांगली आहे, पण तिलाही हीच मर्यादा आहे : मूळ मोजमाप विखुरलेले असेल तर एकदा चालवून आलेला आकडा हा त्या विखुरण्यातला एक नमुना असतो, लेन्सचा स्वभाव नसतो.

यावर एक सयुक्तिक आक्षेप येतो. एकच आकडा पुरत नाही हे कंपन्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर कॅननने ५डी मार्क ३ मध्ये झूमच्या दोन टोकांना वेगळे आकडे दिले आणि सिग्माने २०१३ पासून यूएसबी डॉकमधून चार वेगवेगळ्या अंतरांसाठी दुरुस्ती करू दिली. मग सगळ्या अंतरांवर नीट चाचणी करून आकडे भरले तर काय बिघडले? काही बिघडले नाही, चूक प्रत्येक अंतरावर स्थिर असेल तर. वेगवेगळ्या अंतरावर वेगवेगळी पण ठरावीक चूक करणारी लेन्स असते, आणि तिच्यासाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे. परंतु यातून सिद्ध होते ते एवढेच की स्थिर चूकही अंतरागणिक बदलू शकते. विखुरणाऱ्या फोकसला चार आकडे दिले काय किंवा झूममधले सोळा दिले काय, प्रत्येक आकडा तितकाच डळमळीत. उलट आता मूळ दोष शोधणे चौपट अवघड झाले, कारण आपणच चार नवे अज्ञात घटक भरून ठेवले. लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्स या कंपनीच्या रॉजर सिकाला यांनी २०१२ मध्ये फेज डिटेक्शनने आणि लाइव्ह व्ह्यूने पुन्हापुन्हा फोकस करून दोन्हींचे निकाल ताडून पाहिले होते. फेज डिटेक्शनचे निकाल जास्त विखुरत होते. मात्र ५डी मार्क ३ वर काही नव्या लेन्स लावल्या की ते विखुरणे लाइव्ह व्ह्यूच्या जवळपास येत होते. विखुरणे हा बॉडी आणि लेन्स यांच्या जोडीचा गुण आहे, हे त्यातून दिसते. तो गुण मेनूतल्या कोणत्याही आकड्याने बदलत नाही.

मग फोकस डळमळतो कशाने? बऱ्याचदा कॅमेऱ्याला आपण जे लक्ष्य देतो तेच संदिग्ध असते, आणि वाइड लेन्स ती संदिग्धता वाढवते. २० सेंटिमीटरचा चेहरा ३ मीटरवर असेल तर ८५ मिलिमीटरची लेन्स त्याची सेन्सरवर साडेपाच मिलिमीटरहून मोठी प्रतिमा पाडते, २४ मिलिमीटरची फक्त १.६ मिलिमीटरची. व्ह्यूफाइंडरमधला फोकसचा चौकोन म्हणजे केवळ खूण असते. खरा मोजणारा पट्टा अनेकदा त्या खुणेच्या बाहेरही पसरलेला असतो. एवढ्याशा चेहऱ्याबरोबर मागच्या खिडकीची जाळी किंवा मांडवाच्या झालरीची कड त्या पट्ट्यात आली आणि तिचा उठाव चेहऱ्यापेक्षा जास्त असला, की कॅमेरा तिथे जातो. हात किंचित हलला की पुढच्या वेळी चेहऱ्यावर येतो. याला लेन्सचा अस्थिरपणा म्हणणे म्हणजे दोन घरांना एकच पत्ता देऊन पत्र चुकीच्या घरी गेले म्हणून टपालवाल्याला बोल लावणे. मंगल कार्यालयात वाइड लेन्सने काढलेल्या लग्नाच्या फोटोंत नवरा-नवरीऐवजी मागची सजावट शार्प येते, ती बहुधा याच कारणाने. तिथला प्रकाशही भर घालतो. फेज डिटेक्शनचा सेन्सर ज्या रंगाचा प्रकाश पाहतो त्यानुसार त्याचे मोजमाप किंचित सरकते, कारण कोणतीही लेन्स सगळे रंग तंतोतंत एका पातळीवर आणत नाही. कॅननने २००९ च्या ७डीमध्ये रंगाचीही दखल घेणारे मीटरिंग आणले ते उगीच नव्हे. दिवसा उजेडात घातलेला आकडा पिवळ्या दिव्यांखाली चुकू शकतो.

दुसरे कारण निव्वळ भूमितीचे आहे आणि त्याचा दोष तर लेन्सवर अजिबात येत नाही. मधल्या बिंदूने चेहऱ्यावर फोकस करायचा आणि मग कॅमेरा वळवून चेहरा कडेला न्यायचा, ही सवय डीएसएलआरच्या काळात हातात भिनलेली आहे. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने चेहरा चौकटीच्या एक तृतीयांश रेषेवर नेला तर कॅमेरा साधारण ४ अंश वळतो. ३ मीटरवर त्याने पडणारा फरक सेंटिमीटरभरही नसतो. २४ मिलिमीटरच्या लेन्सने त्याच रेषेवर नेताना कॅमेरा सुमारे १४ अंश वळतो आणि शार्प पातळी चेहऱ्याच्या ९ सेंटिमीटर मागे राहते. चेहरा आणखी कडेला, ३० अंशांपर्यंत नेला तर ४० सेंटिमीटर मागे. ही चूक दर वेळी मागेच होते, आणि कॅमेरा किती वळवला त्यानुसार बदलते. म्हणून ती एकाच वेळी ‘बॅक फोकस’ही वाटते आणि ‘अस्थिर’ही वाटते. त्यात वाइड लेन्सची फोकस पातळी सपाट नसून कडेला वाकलेली असेल तर कडेचा निकाल आणखी वेगळा. कुठलाही आकडा हे सावरू शकत नाही. हवा तो फोकस-बिंदू निवडून कॅमेरा न वळवणे हाच त्यावर इलाज.

‘पण वाइड लेन्सला डेप्थ ऑफ फील्ड एवढी असते की या सगळ्याने काही फरक पडत नाही’, असे म्हणणारेही आहेत. एफ/८ वर त्यांचे बरेचसे खरे आहे. ०.०३ मिलिमीटरचा धूसर ठिपका चालणार असेल तर २४ मिलिमीटरच्या लेन्सचे हायपरफोकल अंतर एफ/८ वर २.४ मीटर येते, म्हणजे तिथे फोकस केला की १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे चालण्याजोगे. पण तीच लेन्स एफ/१.४ वर उघडली की हे अंतर १३.७ मीटर होते, आणि ३ मीटरवरच्या माणसासाठी अडीच मीटर ते पावणेचार मीटर एवढाच पट्टा उरतो. शिवाय ०.०३ हे माप बेताच्या आकाराचा छापील फोटो हातभर अंतरावरून पाहणाऱ्या डोळ्यासाठी ठरले होते. २०१९ च्या सोनी ए७आर ४ सारख्या ६१ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढा ठिपका आठ पिक्सेलचा होतो. वाइड आणि तरीही एफ/१.४ च्या लेन्स लोक मोठी किंमत मोजून घेतात त्या उघड्या ॲपर्चरसाठीच; त्यांना एफ/८ वर काढा म्हणणे हे उत्तर झाले नाही.

मिररलेस आल्यापासून हा वादच संपला, असे म्हणणाऱ्यांशी मी अर्धा सहमत आहे. कॅननच्या ७०डीमध्ये २०१३ साली ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आला, मिररलेस कॅमेऱ्यांत तर फोटोच्या सेन्सरवरच फोकस मोजला जातो, आणि दोन वाटांच्या लांबीतल्या फरकाचा प्रश्न उरला नाही. स्थिर चुकीचे मोठे कारण गेले. म्हणूनच मिररलेसवर येणारी तक्रार जवळजवळ नेहमी अस्थिरतेची असते, आणि तरी काही जण तिथेही फाइन-ट्यूनचा मेनू शोधतात! अशा कॅमेऱ्यांत विखुरण्याची कारणे वेगळी आहेत. बहुतेक सेन्सरांवर फेज मोजणाऱ्या पिक्सेलच्या जोड्या आडव्या मांडलेल्या असतात, त्यामुळे उभ्या रेषा त्यांना नीट दिसतात, आडव्या रेषा दिसत नाहीत. क्षितिज, पायऱ्या, खिडकीच्या आडव्या पट्ट्या यांवर कॅमेरा चाचपडतो. कॅमेरा उभा धरला की त्याच पट्ट्यांवर झटक्यात लागतो. ओएम सिस्टिमच्या २०२२ च्या ओएम-१ मध्ये दोन्ही दिशा पाहणारी मांडणी आहे ती यासाठी. काही कॅमेरे उघड्या ॲपर्चरवर फोकस करून मग ॲपर्चर बंद करतात. लेन्समध्ये गोलीय विपथन शिल्लक असेल तर एफ/१.४ वर बसलेला फोकस एफ/२.८ वर सरकतो. आणि गर्दीच्या वाइड फोटोत चेहरा ओळखणारी यंत्रणा दर फोटोला वेगळा चेहरा निवडत असेल, तर निकाल वेगळे येणारच.

आता सर्वांत कठीण आक्षेप : दोष खरोखर यंत्रात असतोच ना? असतो, आणि तो नाकारणे हा माझा मुद्दा नाही. २०१२ च्या निकॉन डी८०० वर डाव्या बाजूचे फोकस-बिंदू चुकत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि त्या सर्वांत ठळक दिसल्या त्या वाइड व मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सवर. मधला बिंदू बरोबर, डावा चूक. इथेही फाइन-ट्यून निरुपयोगी होते, कारण त्याचा आकडा सगळ्या बिंदूंना सारखाच लागू होतो. डावा सुधारला की मधला बिघडणार. बॉडीतच दुरुस्ती लागत होती. म्हणजे खऱ्या बिघाडाचे हे उदाहरणही आकड्यावरचा विश्वास वाढवत नाही, चाचणी नीट करण्याची गरज वाढवते. ती चाचणी अवघड नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर ठळक छपाईचा सपाट कागद सेन्सरला समांतर, अंतर आपण एरवी जितक्या अंतरावरून फोटो काढतो तितके, भरपूर आणि न लुकलुकणारा प्रकाश, ॲपर्चर पूर्ण उघडे, सर्व फाइन-ट्यून शून्यावर. लेन्स आधी अनंतावर नेऊन फोकस करायला लावायची आणि फोटो घ्यायचा, असे दहा वेळा. मग सर्वांत जवळच्या अंतरावरून सुरुवात करून दहा वेळा. शेवटी लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने नीट बसवलेल्या फोकसचे दोन-तीन फोटो, तुलनेसाठी. वीसही फोटो तुलनेच्या त्या फोटोंपेक्षा सॉफ्ट, आणि सारखेच सॉफ्ट असतील तर चूक स्थिर आहे आणि तिथे फाइन-ट्यून खुशाल वापरावे. अनंताकडून आलेले दहा एका प्रकारचे आणि जवळून आलेले दहा दुसऱ्या प्रकारचे असतील तर लेन्सच्या हलणाऱ्या भागांत ढिलाई असण्याची शक्यता मोठी. वीस फोटो वाटेल तसे विखुरले असतील तर माऊंटवरचे संपर्क कोरड्या कापडाने पुसून आणि दुसऱ्या बॉडीवर तीच लेन्स लावून चाचणी पुन्हा करावी. कागदावर सगळे ठीक आणि माणसांवर मात्र डळमळीत, असे निघाले तर लेन्स आणि बॉडी दोन्ही निर्दोष समजून फोकस-बिंदूची निवड, प्रकाश आणि कॅमेरा वळवण्याची सवय यांच्याकडे वळावे.

सर्व्हिस सेंटरला लेन्स पाठवायचीच असेल तर बॉडीही सोबत द्यावी, मेनूतले सगळे आकडे पुसून द्यावी, आणि या वीस फोटोंच्या मूळ फाइल, कोणता फोटो कोणत्या बाजूने फोकस करून घेतला ते लिहून, बरोबर द्याव्यात.